माहिती भरपूर, विश्लेषण नाही

प्रश्न : वक्तृत्वाच्या वर्गात लिंकन यांच्या गेटिसबर्गच्या भाषणाचं विश्लेषण पाच मिनिटांत मांडायचं आहे. पहिला मसुदा ‘माहिती भरपूर, विश्लेषण नाही’ असा शेरा मिळून परत आला. कुठे चुकलं असेल?

उत्तर : बहुधा लिंकन यांचं चरित्र आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध यांतच जागा संपली असेल. प्रसंग अर्ध्या मिनिटात आटपा : १९ नोव्हेंबर १८६३, गेटिसबर्गच्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समर्पण समारंभ, आधी त्या काळचे नामवंत वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन दोनेक मिनिटांत थांबले.

मग मूळ इंग्रजी संहिता घ्या. हस्तलिखित प्रती पाच आहेत आणि त्यांत थोडेथोडे फरक आहेत, म्हणून मोजणी लिंकन यांची सही असलेल्या, ‘ब्लिस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतीवरच करा. एका ओळीत एक वाक्य लिहिलंत की दहा ओळी होतात. आता ‘डेडिकेट’ आणि ‘डेडिकेटेड’ यांखाली रेघ मारा. सहा सापडतील. (अनुवादावर हे काम होत नाही. तिथे कुठे ‘वाहिलेलं’, कुठे ‘अर्पण’ येतं आणि धागा तुटतो.)

रेघा क्रमाने वाचा. आधी राष्ट्र समतेच्या तत्त्वाला वाहिलेलं आहे. मग जमलेली मंडळी जमिनीचा तुकडा अर्पण करायला आली आहेत. लगेच पुढे : आपल्याला ती अर्पण करताच येत नाही, इथे लढलेल्यांनी ते आधीच केलं आहे. शेवटी वाहून घ्यायचं आहे ते आपणच, अपुऱ्या राहिलेल्या कामाला. समारंभाला आलेल्या श्रोत्यांच्या अंगावर काम पडलं, तेही एकाच शब्दाच्या बळावर. साडेतीन मिनिटं यावरच घालवा. ‘पुनरुक्ती वापरली आहे’ एवढंच म्हणणं म्हणजे नुसती चिठ्ठी चिकटवणं. ती पुनरुक्ती काय घडवते ते सांगायला हवं. भाषणात ‘मी’ एकदाही नाही आणि ‘आम्ही-आपण’ या अर्थाचा ‘वुइ’ दहा वेळा आहे, हेही इथेच जोडा.

उरलेल्या मिनिटात शेवटचं वाक्य मोठ्याने वाचा. ८२ शब्दांचं आहे, म्हणजे जवळपास तीस टक्के भाषण. एका दमात ते निभत नाही. उपवाक्य सुरू करणाऱ्या प्रत्येक ‘दॅट’च्या आधी श्वास घ्या, अशा पाच जागा आहेत. घरी घड्याळ लावून दोनदा तरी वाचून पाहा, घाईत नेमका शेवटच गिळला जातो.

प्रश्न : त्यांच्या आवाजाबद्दल आणि हावभावांबद्दल काय लिहावं?

उत्तर : काहीच नाही. फोनोग्राफ आला १८७७मध्ये, या भाषणाचं ध्वनिमुद्रण नाही. ‘इथे त्यांनी आवाज चढवला’ असं वाक्य मसुद्यात असेल तर आधी ते खोडा.