माफीनाम्यावर सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. वसतिगृहातल्या पिण्याच्या पाण्याबद्दल तू पोस्ट टाकलीस, प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि मग ऑफिसातून तोंडी निरोप आला की माफीनामा दे, नाहीतर हॉल तिकीट विसर. यावर तुझं उत्तर राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्य. मतं पक्की आहेत तुझी, पण त्या केबिनमध्ये कलम १९ फार लांब जात नाही. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकार आणि सरकारी यंत्रणेविरुद्ध मागता येतात. विनाअनुदानित खासगी कॉलेज त्या व्याख्येत थेट बसेलच असं नाही. तिथे नियम आणि कार्यपद्धती जास्त कामाला येते, आणि ती वापरायची तर हातात कागद हवा. तुझ्याकडे आत्ता एकही कागद नाही.

आधी एक अप्रिय गोष्ट. कॉलेजलाही खरेखुरे अधिकार आहेत. ७५ टक्के हजेरी, परीक्षेतली शिस्त, गेटवर ओळखपत्र, वसतिगृहाची वेळ यावर भांडून हाती फारसं लागत नाही. हजेरी कमी म्हणून टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे सत्र मान्य झालं नाही, तर न्यायालयंही सहसा हात घालत नाहीत. पोस्ट टाकली म्हणून हॉल तिकीट अडवणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यावर विचारायचे प्रश्न साधे असतात: हा निर्णय कुणी घेतला, कोणत्या नियमाखाली घेतला, आणि घेण्याआधी तुझं म्हणणं ऐकलं का?

तिसरा प्रश्न सगळ्यात जड. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने विद्यार्थ्यांचं म्हणणं न ऐकता त्यांचे निकाल रद्द केले होते. असं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलं. आणि मे २०२५ मध्ये पुण्यातल्याच एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून कॉलेजने काढून टाकलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती देऊन तिला परीक्षेला बसू दिलं. बाजू मांडायची संधी न देता काढलं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पोस्ट चांगली की वाईट हा वाद वेगळा राहतो. आरोप लेखी कळवणं, उत्तराला वेळ देणं आणि कारणांसह आदेश काढणं एवढं कॉलेजला करावंच लागतं.

तेव्हा उद्या एक पत्र लिही. अर्धं पान पुरे. वर तारीख, वर्ग, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक). खाली: अमुक तारखेला अमुक वाजता ऑफिसमधून मला असं सांगण्यात आलं; याबाबतचा लेखी आदेश आणि त्याला आधार असलेला नियम मिळावा; कारवाई प्रस्तावित असेल तर कारणे दाखवा नोटीस देऊन मला म्हणणं मांडू द्यावं; तोवर हॉल तिकीट अडवू नये. विशेषणं नकोत, ‘हुकूमशाही’ तर नकोच. दोन प्रती काढ. एक आवक विभागात दे आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घे. बरीच मुलं इथेच फसतात. पत्र शिपायाच्या हातात देतात, मग ते ‘मिळालंच नाही’. खिडकीतून ‘साहेबांना विचारावं लागेल’ असं उत्तर आलं तर हुज्जत घालू नकोस. तेच पत्र स्पीड पोस्टने पाठव, पावती जप आणि पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पान छापून ठेव. शिवाय कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर मेल कर. पोस्टचा आणि आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घे, पण मूळ मेसेज फोनवरून पुसू नकोस. पुरावा म्हणून मूळच मागतात.

आता माफीनामा. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणून तो लिहून घेतात आणि पुढे तोच फायलीत कबुलीजबाब होऊन बसतो. चूक झाली असं तुला खरंच वाटत असेल तर जरूर लिही, त्यात कमीपणा नाही. वाटत नसेल तर ‘मला आरोप मान्य नाही, चौकशीत पूर्ण सहकार्य करेन’ एवढंच लिहून सही कर. दबावाखाली आधीच सही झाली असेल, तर कोणत्या परिस्थितीत झाली हे त्याच दिवशी मेलने कळव. आठवड्याने कळवलेल्याला निम्मीही किंमत उरत नाही. आणि पोस्टमध्ये ‘पाणी गढूळ येतं’ असं असेल तर तू बऱ्यापैकी सुरक्षित आहेस. ‘अमुक सर टँकरवाल्याकडून पैसे खातात’ असं असेल आणि हातात पुरावा नसेल, तर ते वाक्य आजच काढ. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ अब्रुनुकसानीचं आहे आणि ते विद्यार्थ्यालाही लागू होतं.

पत्राला उत्तर आलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत असायला हवी आणि ऑनलाइन तक्रारीची सोयही हवी. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी, अशी तिची रचना असते. ऑनलाइन तक्रार आल्यापासून १५ दिवसांत संस्थेने ती आपल्या अभिप्रायासह समितीकडे पाठवायची, आणि समितीने शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. सुनावणीला तू स्वतः जाऊ शकतोस किंवा प्रतिनिधी नेमू शकतोस. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अशी अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील. तिथे ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न अपेक्षित असतो. त्यासाठी तुझं कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे ते नक्की माहीत हवं. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं आहेत, त्यातली काही स्वायत्त आहेत, आणि वेगळी अभिमत (डीम्ड) व खासगी विद्यापीठंही आहेत. संलग्न किंवा स्वायत्त कॉलेजचा अर्ज गणेशखिंडीत, म्हणजे सावित्रीबाई फुले विद्यापीठात जातो; अभिमत आणि खासगी विद्यापीठाला स्वतःचा लोकपाल असतो. चुकीच्या दारात गेलेला अर्ज पुढे सरकत नाही, मुदत मात्र सरकत राहते.

पाण्याच्या मूळ प्रश्नासाठी माहितीचा अधिकार वापर. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. ‘पाणी का तपासत नाही?’ असं विचारू नकोस, कारण ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. ‘गेल्या दोन वर्षांतल्या पाणी तपासणी अहवालांच्या आणि टाकी साफ केल्याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात’ असं माग. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. कॉलेज विनाअनुदानित असेल आणि ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हणालं, तर जी माहिती विद्यापीठाला कॉलेजकडून कायद्याने मागवता येते, ती विद्यापीठाकडे अर्ज करून माग. हा आडमार्ग फार थोड्यांना माहीत असतो.

रॅगिंग किंवा लैंगिक छळाचं प्रकरण असेल तर हा रस्ता धरायचा नाही. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने संस्थाप्रमुखांना तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत चौकशी करावी लागते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. मैत्रिणींनाही सांगून ठेव.

तुझी परीक्षा आठवड्यावर आलेली असेल तर समितीच्या तारखांची वाट पाहून चालणार नाही. पत्राची पोच आणि मेल घेऊन लगेच वकिलाकडे जा. उच्च न्यायालयात रिट याचिका करून तात्पुरतं परीक्षेला बसण्याची परवानगी मागता येते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (बाहेरगावचं खंडपीठ) सुरू झालं असलं तरी पुणे जिल्ह्याला मुंबईच गाठावी लागते. फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन कर. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही; इतर बहुतेकांना उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा घरून तो आजच मागवून घे. आणि वकिलाकडे जाताना गोष्ट सांगत बसण्याऐवजी तारखेनुसार एका पानावर घटना लिहून ने. प्रत्येक घटनेसमोर कोणता कागद आहे ते लिही, नसेल तिथे ‘नाही’ लिही.

तुझा,
एक हितचिंतक