फौजी आजोबांचं आयुष्य लिहायला कुठून सुरुवात करू?

तुमचे आजोबा ८४ व्या वर्षी गेले, तरुणपणी सोळा वर्षं फौजेत होते, लढाईबद्दल घरात कधी बोलले नाहीत आणि आता वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. माझे आबा गेले त्याला दोन वर्षं होतील. भडगाव तालुक्यात गिरणाकाठी आमचं गाव. मीही असाच वही घेऊन बसलो होतो, आणि पहिला महिना नुसता गेला. म्हणून जे पुढे सापडलं ते सांगतो.

आधी त्यांची लोखंडी पेटी उघडा आणि डिस्चार्ज बुक शोधा. भरतीची तारीख, पलटण, हुद्दे, मेडलं, घरच्यांची नावं, सगळं त्यात असतं. मेडलं पुसायची घाई करू नका, आधी त्यांची कड आणि मागची बाजू उजेडात धरा. तिथे बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. १९७१ च्या युद्धाचं 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर माणूस बांगलादेशाच्या बाजूला होता, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला, पाकिस्तानच्या सीमेवर. आबांच्या पेटीत पूर्वी स्टार निघालं आणि बुकात पलटण होती पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. या दोन गोष्टींवरून मला त्यांचा डिसेंबर १९७१ सापडला.

ही पलटण मेघालयातल्या तुरा शहराकडून खाली उतरली, ब्रह्मपुत्रा ओलांडून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागच्या बाजूला गेली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. जमालपूरच्या ठाण्यात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण होती. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. तिकडून उत्तर आलं ते सोबत बंदुकीची गोळी घेऊन. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडायला बलुच पलटणीचे लोक बाहेर पडले आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आले. सकाळपर्यंत ते चाललं. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं, पुढे टांगाईलला विमानातून हवाई छत्रीने उतरलेल्या आपल्या पलटणीशी गाठ पडली आणि १६ तारखेला ढाका.

हे सगळं मला आबांनी सांगितलेलं नाही. मी शाळेत असताना एकदा खोदून विचारलं होतं, तर म्हणाले, "तठे पानीच पानी व्हतं, भाऊ." बस. पुढे बैलांना चारा टाकायला उठून गेले. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं की त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, ते बरंच झालं.

मधेच एक महत्त्वाचं. तुमच्या आजी हयात असतील तर पुस्तिकेच्या आधी त्यांचं फॅमिली पेन्शन बघा. आमच्याकडे मोठ्या मायचं, म्हणजे माझ्या आजीचं, नाव रेकॉर्डला माहेरचं लागलेलं आणि आधार कार्डावर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ती रोज विचारायची, "तेस्ना कागद उना का?" म्हणजे त्यांचा कागद आला का. डिस्चार्ज बुकातलं नाव, पीपीओवरचं (पेन्शनच्या आदेशावरचं) नाव आणि आधार आजच शेजारी शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे अर्ज कसा करायचा ते सांगतात.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. माझं मत स्पष्ट आहे: पुस्तिका लढाईने भरू नका. आबा १९६३ ला भरती झाले, १९७९ ला हवालदार होऊन घरी आले. सोळा वर्षं फौज आणि त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं घर. जळगावला एका बँकेत बंदूक घेऊन दारात उभे राहिले, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने गावी यायचे. तीन मुली आणि एक मुलगा. विहिरीचं कर्ज त्या पगारातून फिटलं. धाकट्या आत्याला दहावीनंतर पुढे शिकवायचं नाही असं भाऊबंद म्हणाले तेव्हा आबांनी वाद घातला नाही, सोमवारी तिला सोबत घेऊन जळगावला गेले आणि कॉलेजात नाव घालून आले. बँकेतून निवृत्त झाल्यावर गावातली पोरं भरतीची तयारी करायची, त्यांना पहाटे पाटाच्या रस्त्याने पळवायचे. हातात घड्याळ, डोक्याला मफलर. त्यातले चार जण आज फौजेत आहेत. तिघं अंत्ययात्रेला येऊ शकले नाहीत, त्यांनी ड्युटीवरून फोन केले. असली माणसं तुमच्याही गावात असतील, त्यांना विचारा.

आणि एक प्रश्न सगळ्यांना विचारा: न विचारता ते काय सांगायचे? आबांची अशी एकच गोष्ट होती आणि ती जमालपूरची नव्हती.

ढाक्याहून आल्यावर पहिल्या सुट्टीत गावाने त्यांना लेझीम लावून वेशीतून आणलं होतं. त्याच साली पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्यात ते आखाजीला सुट्टीवर आले. आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरची पुरणपोळी होते. त्या साली झोके रिकामेच होते. आबा पेटी घेऊन घरी आले तर घराला कडी. मोठी माय दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, थोरली आत्या पाठीशी बांधून. ते तसेच युनिफॉर्मवर कामावर गेले. रांगेत बसलेल्या बायांत ती त्यांना ओळखू आली नाही, धुळीने सगळ्यांची तोंडं सारखीच झालेली. हे ते दरवर्षी आखाजीला सांगायचे आणि दरवर्षी तिथेच थांबायचे.

पुढचं मला मोठ्या मायने सांगितलं, तेही आबा गेल्यावर. तिच्याकडे एका डब्यात मनीऑर्डरची कुपनं आहेत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी चिठोरं असायचं, ते पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. तुमच्या घरीही जरूर शोधा. फौजी पत्त्यात गावाचं नाव नसतं, नुसतं एपीओ (फौजेचं पोस्ट ऑफिस) आणि नंबर, त्यामुळे ठिकाण कळणार नाही, पण शिक्क्यावरची तारीख कळते. मोठ्या मायला वाचता येत नव्हतं. पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा, सासू-सासरे, शेजारपाजार ऐकायचे. म्हणून आबांनी मनातलं कधी लिहिलं नाही. "पैसे पावल्याचे कळवणे." "बाजरी घेऊन ठेवणे." "म्हशीला विकू नये." बहुतेक कुपनं अशीच.

डबा ती हातातून सोडत नाही. मी तिच्याजवळ बसून एकेक उतरवून घेतलं. जून १९७३ च्या एका कुपनावर लिहिलंय, "खडी फोडण्यास जाऊ नये. मी जास्त पाठवीन." त्याखाली दोन रेघा. हे आलं तेव्हा तू काय केलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली की तेव्हा ती कामावरच होती. पोस्टमन सायकल घेऊन तिथे आला आणि खडीच्या ढिगाजवळ उभं राहून त्याने सगळ्या बायांसमोर ते वाचून दाखवलं.