पावसाळ्यात पॅक केलेला चिवडा आठ दिवसांत सादळतो, कोणती पिशवी वापरू?

पिशवी बदलायच्या आधी एक छोटा काटा घ्या. सोनाराकडे असतो तसला, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पिशवीचा दोष आहे की नाही हे तोच सांगेल.

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला घरून पोह्यांचा चिवडा आणि भाजणीची चकली करून विकता. २०० ग्रॅम माल साध्या पॉलिथिनच्या पिशवीत भरून हँड सीलरने बंद करता. उन्हाळ्यात तक्रार नव्हती, पण जुलै लागल्यापासून आठ-दहा दिवसांत चिवडा सादळतो आणि महिन्याभरात खोबऱ्याला खवट वास येतो. गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत, तर महाग पाउच घेऊ का आणि आत सिलिका जेलची पुडी टाकू का, असं विचारलंय. मी भोसरीत एका फरसाणाच्या कारखान्यात पॅकिंगचं काम बघतो, त्यामुळे रोज हेच चाललेलं असतं.

सादळणं आणि खवट होणं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी. सादळणं पाण्याचं काम, खवटपणा तेल आणि हवेतल्या ऑक्सिजनचं. आधी सादळण्याचं बघू.

नुकत्याच केलेल्या चिवड्यात २-३ टक्के पाणी असतं. ते ५-६ टक्क्यांवर गेलं की पोहे दाताखाली वातड लागायला लागतात. म्हणजे २०० ग्रॅमचं पाकीट बिघडायला साधारण ६ ग्रॅम पाणी आत शिरावं लागतं. तुमची पिशवी १५ बाय २० सेंटिमीटर धरली तर दोन्ही बाजू मिळून ६०० चौरस सेंटिमीटर होतात. ५० मायक्रॉनच्या साध्या पॉलिथिनमधून दिवसाला दर चौरस मीटरमागे ८ ते १० ग्रॅम वाफ जाते, पण तो आकडा ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेचा. पुण्यातल्या जुलैत हवा दमट असली तरी गार असते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मी किंवा कमीच. हिशोब केला तर दिवसाला फार तर पाव ग्रॅम. म्हणजे नुसत्या पिशवीतून पाणी झिरपून चिवडा सादळायला तीन आठवड्यांहून जास्त लागायला हवेत. तुमचा आठव्या दिवशीच जातोय. पाणी दुसरीकडून येतंय.

कुठून, ते काटा सांगतो. भरलेल्या चार-पाच पाकिटांवर मार्करने वजन आणि तारीख लिहा, आणि दर दोन दिवसांनी पुन्हा वजन करा. आठवड्यात पाकीट दोन-तीन ग्रॅमने वाढलं तर सील गळतंय. वजन जेमतेम हललं आणि तरीही चिवडा मऊ पडला, तर पाणी बंद करतानाच आत होतं. हा दुसरा प्रकार घरगुती मालात फार दिसतो, आणि तो असेल तर कितीही महाग पाउच घ्या, उपयोग शून्य.

एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते. जुलै-ऑगस्टात सकाळी ती ८५ च्या वर असते. उन्हाळ्यात चिवडा परातीत पसरून पंख्याखाली रात्रभर ठेवला तरी बिघडत नव्हता, उलट सुकत होता. आता तोच पंखा त्याला पाणी पाजतो. चिवडा कोमट झाला, परातीच्या बुडाला हात लावून चटका बसेनासा झाला, की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि पाकिटं डब्यातूनच भरा. कढत भरू नका, आतली वाफ पिशवीला आतून धरते. घरात एसी असेल तर पॅकिंग त्या खोलीत करा, एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. (डिह्युमिडिफायर घ्यायचा विचार धंदा वाढल्यावर.)

आतलं पाणी म्हणजे फक्त हवेतलं नव्हे. कढीपत्ता आणि हिरवी मिरची बोटांत चुरा होईपर्यंत तळली नसेल, तर त्यातलं पाणी हळूहळू पोह्यांत उतरतं. बेदाण्यात तर १५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच. पिशवी सोन्याची असली तरी बेदाणे आतल्या आत पोह्यांना मऊ करणार. पावसाळ्यात मी बेदाणे वगळेन. गोडसर चव हवीच तर पिठीसाखर थोडी वाढवा.

वजन वाढत असेल तर सीलकडे वळा. बादलीत पाणी घ्या, पाकीट पूर्ण बुडवून हळूच दाबा. बुडबुडे कुठून येतात ते बघा. बहुतेक दोनच जागा निघतात. एक म्हणजे सीलमध्ये अडकलेला शेवेचा किंवा पोह्याचा कण, नाहीतर तेलाचा ओघळ. त्यावर उपाय सोपा: जाड कागदाची किंवा प्लास्टिकच्या शीटची गुंडाळी पिशवीच्या तोंडात घालून माल भरा, म्हणजे तोंडाच्या आतल्या बाजूला काही लागत नाही. दुसरी जागा बाजूला घडी असलेल्या पिशवीची. घडीपाशी चार थर असतात आणि मध्ये दोनच. चाराचे दोन होतात तिथे सीलखाली केसाएवढी नळी उघडी राहते. डोळ्यांना दिसत नाही, बादलीत मात्र तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. घडीची पिशवी सोडा, तीन बाजूंनी बंद असलेली सपाट किंवा तळाशी उभी राहणारी घ्या. स्वस्त हँड सीलरची पट्टी जेमतेम २ मिलिमीटरची असते, म्हणून थोडं अंतर सोडून दुसरं सील मारा. आणि झिप ही गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी असते. तिच्या वरती सील हवंच, नुसत्या झिपवर विसंबून राहू नका.

सिलिका जेलची पुडी तुमच्या कामाची नाही. चिवड्याएवढ्या कोरड्या हवेत १ ग्रॅमची पुडी फार तर पाव ग्रॅम पाणी धरते. वरचा हिशोब आठवा, ते एका दिवसाचं पाणी झालं. शिवाय लहान मुलाच्या हाती लागायची ती लागतेच. निळ्या खड्यांची तर घरातही आणू नका, तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो.

आता खवटपणा. इथे मात्र पिशवी खरोखर महत्त्वाची. पॉलिथिन पाण्याला बऱ्यापैकी अडवतं, ऑक्सिजनला जवळजवळ अडवतच नाही. साध्या पिशवीतून दिवसाला दर चौरस मीटरमागे हजारांच्या घरात घनसेंटिमीटर ऑक्सिजन ये-जा करतो. खळखळ वाजणाऱ्या पारदर्शक बीओपीपीची (ताणून केलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) गत फारशी वेगळी नाही. मेटलाइज्ड पीईटी (धातूचा अगदी पातळ चंदेरी थर दिलेलं प्लास्टिक) आणि आतून पॉलिथिन अशा जोड पाउचमध्ये तो आकडा एक-दोनवर येतो, शिवाय उजेडही अडतो. उजेड तेलाला लवकर खवट करतो, म्हणून दुकानात ट्यूबलाइटखाली टांगलेली पारदर्शक पाकिटं आधी जातात. अॅल्युमिनियम फॉइलचा पाउच याहून सरस, पण चिवड्याला तेवढा खर्च नको.

पाउच घ्यायला पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारात गेलात की दुकानदार आधी खाकी कागदी पाउच दाखवेल, समोर खिडकी असलेला. दिसायला झकास, फोटोत छान येतो. पण कागद काहीच अडवत नाही, काम आतल्या थराचं, आणि खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. मी तो या मालाला घेणार नाही. चंदेरी पाउच घेताना मोबाइलचा टॉर्च आत घालून बघा: मेटलाइज्डमधून अंधुक उजेड दिसतो, फॉइलमधून दिसत नाही. फॉइलचे पैसे घेऊन मेटलाइज्ड देणारे भेटतात.

नायट्रोजन भरणं तुमच्या प्रमाणात परवडणार नाही, आणि साध्या पॉलिथिनमध्ये भरला तर काही दिवसांत ऑक्सिजन परत आत येतो. त्याऐवजी ऑक्सिजन शोषणारी लोखंडाच्या भुकटीची पुडी चालेल, पण फक्त मेटलाइज्ड पाउचमध्ये. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पाउचमध्ये ८०० घनसेंटिमीटर हवा उरत असेल तर त्यात ऑक्सिजन साधारण १७० होतो, म्हणून २०० वाली (२०० घनसेंटिमीटर ऑक्सिजन शोषणारी) पुडी पुरते. कोरड्या पदार्थासाठी असलेली मागा, साध्या प्रकारच्या पुडीला काम करायला ओलावा लागतो. मोठं पाकीट फोडलं की पुड्या हवेतला ऑक्सिजन ओढायला लागतात, उरलेल्या लगेच सील करा. दोन दिवसांनी पाउच थोडा आक्रसलेला दिसेल, घाबरू नका, काम झालंय.

तेलाचंही बघा. सूर्यफुलाचं तेल शेंगदाणा तेलापेक्षा लवकर खवट होतं. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल तर पाकिटात जायच्या आधीच अर्धं मेलेलं असतं. कल्हई गेलेल्या पितळी परातीत माल पसरू नका, तांब्याचा अंश खवटपणा वाढवतो. खोबऱ्याचे काप गुलाबी होईपर्यंत तळा. ओलसर राहिले तर साबणासारखा वास येतो, आणि तो पाउच बदलून जात नाही.

चकलीला यातलं सगळं लागू, फक्त ती आतून नीट तळली गेलीय का ते मोडून बघा. मधला भाग दमट असेल तर दुसऱ्या दिवशी बाहेरचाही मऊ होतो.

गणपतीसाठी छापील पाउचच्या फंदात पडू नका, ते हजारांच्या लॉटमध्ये घ्यावे लागतात. साधे मेटलाइज्ड पाउच थोडेच आणा, वर स्टिकर लावा, वीस पाकिटं भरून वजनाची परीक्षा आजच सुरू करा. मोठी ऑर्डर द्यायची की नाही ते पंधरा दिवसांनी काट्याकडे बघून ठरवा.