डोक्याला तारा लावून ताठरपणा जाईल का?

प्रश्न : ताई, ह्यांचं वय ६७. पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. उजव्या हाताला कंप आहे, पण जास्त त्रास ताठरपणाचा. शर्टाची बटणं लावताना रडकुंडीला येतात. दारातून आत येताना पाय जमिनीला चिकटतात. एका ठिकाणी न्यूरोफीडबॅकची ४० सत्रं सुचवली आहेत आणि 'नंतर गोळ्या निम्म्यावर येतील' असं सांगितलंय. ह्यांना फार आशा वाटतेय. करावं का?

उत्तर : आधी गोळ्यांचं बोलते. सत्रं घ्या किंवा घेऊ नका, लेवोडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, अर्धी गोळीसुद्धा न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय कमी करायची नाही. ती एकाएकी बंद केली तर अंग ताठ होऊन जोराचा ताप चढणं, शुद्ध हरपणं, असं जिवावर बेतू शकतं. ह्या आजारात मेंदूतल्या डोपामिन (हालचालीसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि न्यूरोफीडबॅकने त्या परत येत नाहीत. निम्म्या गोळ्यांचं आश्वासन तुम्हाला कुणी द्यायलाच नको होतं. मला त्याचा राग आला.

तरीही 'करू नका' असं मी लिहिणार नाही. मी बावीस वर्षं ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख काढायच्या, खोलीत काम केलंय, त्यातली शेवटची काही ह्याच न्यूरोफीडबॅकच्या प्रशिक्षणात. डोक्यावर जेल लावून इलेक्ट्रोड बसवायचे, मेंदूच्या लहरी पडद्यावर आणायच्या, आणि हवा तो बदल झाला की लगेच सूर वाजवायचा किंवा पडद्यावरची पट्टी हलवायची. माणूस चाचपडत, नेमकं कसं ते न कळता, तो बदल घडवायला शिकतो. पार्किन्सन्समध्ये ह्याला आधार आहे. हालचालीचं नियंत्रण करणाऱ्या खोलवरच्या केंद्रांमध्ये बीटा लहरी, म्हणजे सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा होणारी स्पंदनं, गरजेपेक्षा जास्त एकसुरात चालतात. ताठरपणा आणि मंदपणा ह्यांच्याशी त्यांचं नातं दिसतं, कंपाशी तितकं नाही. गोळीचा असर झाला की त्या ओसरतात. मग माणसाला त्या स्वतः ओसरवता येतील का, हा प्रश्न रास्तच आहे.

अडचण कुठे येते ते एका गृहस्थांमुळे मला कळलं. तिसऱ्या सत्रापासून त्यांचा बीटा भराभर खाली यायला लागला. ते खूश, मीही खूश. एक दिवस पडद्याऐवजी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. सूर वाजायच्या आधी दर वेळी त्यांचा जबडा सैल पडत होता. मी म्हटलं, "काका, जरा दात आवळा." बीटा उसळला. "सोडा." खाली आला. तीन आठवडे आम्ही मेंदूला नाही, कानशिलाजवळच्या स्नायूंना शिकवत होतो! त्यांना हे सांगताना माझा घसा दाटून आला होता. तेव्हापासून पहिली पाच मिनिटं मी दात आवळायला, डोळे मिचकवायला, हात नुसता मांडीवर ठेवायला लावते. हाताचा कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. इलेक्ट्रोडची वायर त्यासोबत हलली की आलेखावर तीच लय उमटते आणि हुबेहूब मेंदूची संथ लहर वाटते. म्हणून त्या केंद्रात जाऊन विचारा : कुठली लहर, डोक्यावर कुठल्या जागी, आणि स्नायूंचा गोंधळ वेगळा कसा काढता? कच्चा आलेख दाखवायला कां कूं केली, तर तिथे जाऊ नका.

संशोधन थोडं आहे. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने एमआरआयच्या मदतीने १० रुग्णांवर प्रयोग केला. हालचालीची आखणी करणारा मेंदूचा भाग पाच जणांना प्रतिसाद बघत जागवायला शिकवला आणि त्यांची बोटांची हालचाल सुधारली. पुढे ३० जणांवरच्या चाचणीत न्यूरोफीडबॅकसोबत व्यायाम केलेले सुधारले खरे, पण नुसता व्यायाम केलेल्यांपेक्षा ते पुढे गेले असं ठामपणे म्हणता आलं नाही. आणखी एक गोष्ट, जी ह्यांच्या आशेबद्दल आहे. २००१ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दिसलं, की औषध मिळणार ह्या अपेक्षेनेच पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन सुटतं. पहिल्या आठवड्यात ह्यांना बरं वाटलं तर ते खरंच बरं वाटणं असेल. फक्त त्या भरात ४० सत्रांना होकार देऊ नका.

दहा सत्रांचं बोला. आजच एक वही करा. रोज सकाळी, गोळी घेतल्यावर ठरावीक वेळाने, तोच शर्ट घेऊन पाच बटणं लावायला किती सेकंद लागले ते लिहा. सत्रंही गोळीच्या असराच्या त्याच टप्प्यात घ्या, नाहीतर गोळीचा गुण सत्राच्या खात्यात जाईल. सुरू करण्याआधीचे दोन आठवडे लिहिलेले हवेतच. दहा सत्रांनंतर सेकंद कमी झाले नसतील तर थांबा आणि तो वेळ फिजिओथेरपीला द्या.

दाराचं काम मात्र ह्यासाठी थांबवू नका. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, पावलाच्या अंतराने, जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा आणि ह्यांना त्या एकेक ओलांडायला सांगा. खूप जणांचे पाय अशाने सुटतात. मेट्रोनोमचा (एका लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा) ठोका किंवा तुमचा 'एक-दोन'सुद्धा चालतो. पाय चिकटलेच तर हात धरून ओढू नका, तोल जाईल. उभे राहू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा, आणि मग तुम्ही 'एक' म्हणा.