हार्ट्समधील गुहा आणि जुन्या खाणी पाहण्याची सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे: आपण क्लाउस्थाल-त्सेलरफेल्ड येथे शिकायला जाणार आहात; सुट्टीच्या दिवशी जर्मनीतील हार्ट्स पर्वतातील गुहा आणि बंद पडलेल्या खाणी मित्रांसोबत स्वतः शोधत फिरता येईल का, नकाशावर दिसणाऱ्या जुन्या बोगद्यांत शिरायला हरकत आहे का, आणि सह्याद्रीतल्या भटकंतीचा अनुभव तेथे कितपत उपयोगी पडेल? मी याच भागात बरीच वर्षे राहतो आणि फावल्या वेळात जमिनीखालची ही दुनिया पाहत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम नको असलेले उत्तर देऊन टाकतो. जंगलात दिसलेल्या, दार तुटलेल्या किंवा दारच नसलेल्या बोगद्यात आपण आणि आपल्या मित्रांनी शिरू नये, अगदी तोंडापासून दहा पावलेसुद्धा. ज्या गुहा, बोगदे आणि तळघरांत वटवाघळे हिवाळा काढतात, तेथे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात जाण्यास जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्याने मनाई आहे. पर्यटनासाठी विकसित केलेल्या जागांना मात्र त्यातून सूट आहे. झोपेतून एकदा जागे झालेले वटवाघूळ अंगातली साठवलेली चरबी खर्च करून बसते आणि असे वारंवार झाले तर वसंत ऋतूपर्यंत तगत नाही. म्हणून तो नियम मला अगदी रास्त वाटतो. उन्हाळ्यातही जागेचा मालक, वनखाते किंवा खाणप्रशासन यांच्या परवानगीशिवाय आत जाणे बेकायदा ठरू शकते.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच, आणि सह्याद्रीचा अनुभव नेमका येथे कमी पडतो. डोंगरात चालण्याचा दम, पावसाळी हवेचा अंदाज आणि नकाशा वाचण्याची सवय जमिनीवर उपयोगी पडेल, याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याकडील लेणी टिकाऊ बेसॉल्टमध्ये राहण्यासाठी आणि पूजेसाठी कोरलेली आहेत आणि त्यांत दारातून प्रकाश येतो; गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी तर आकाशाखाली उघड्याच असतात. हार्ट्समधील खाणकामगाराने बोगदा कोरला तो खनिज बाहेर काढण्यापुरता. शतकापूर्वी ठोकलेल्या लाकडी फळ्यांवर चिखल आणि दगडांचा थर साचलेला असतो, त्यामुळे त्या साध्या जमिनीसारख्या दिसतात, आणि त्यांच्याखाली पाण्याने भरलेली खोल उभी विहीर असू शकते. कुजणारे लाकूड आणि गंजणारे खनिज हवेतील प्राणवायू शोषून घेतात, आणि अशा हवेला वास नसतो, त्यामुळे डोके जड होईपर्यंत माणसाला काही कळतही नाही. २०१४ साली बव्हेरियातील रीझेन्डिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोलीवर एक अनुभवी गुहासंशोधक दगड लागून जखमी झाला, तेव्हा त्याला वर आणण्यासाठी अनेक देशांतील शेकडो माणसे दीड आठवड्याहून अधिक काळ राबली. तो तयारीचा माणूस होता आणि त्याच्या सोबत्यांना काय करायचे ते ठाऊक होते, हे लक्षात घ्यावे.

आता हवे असलेले उत्तर. हार्ट्समध्ये रीतसर पाहता येण्याजोग्या खाणी आणि गुहा इतक्या आहेत की आपले शिक्षण संपेल, त्या संपणार नाहीत. फक्त माझा आग्रह असा की पहिल्या दिवशी जमिनीखाली जाऊच नये. आधी वरचे पाणी पाहावे.

याचे कारण असे. वरच्या हार्ट्समधील खनिज उभ्या शिरांमध्ये होते, म्हणून शिसे, चांदी आणि जस्त यांच्या मागे माणूस खोल खोल जात राहिला, आणि जितके खोल जावे तितके पाणी खाणीत भरू लागले. ते उपसण्यासाठी पंप हवेत, पंपांना शक्ती हवी, आणि जवळपास दगडी कोळसा मुबलक नसल्याने ती शक्ती पाण्याच्या चाकांतूनच मिळवावी लागली. म्हणजे खाणीतले पाणी बाहेर काढण्यासाठी डोंगरावरचे पाणी खाणीपर्यंत आणावे लागले. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत येथील लोकांनी शंभराहून अधिक तलाव बांधले, डोंगरउतारांवर शेकडो किलोमीटर पाट खोदले आणि जेथे डोंगर आडवा आला तेथे पाण्यासाठी बोगदे पाडले. ही सगळी व्यवस्था २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिचा बराचसा भाग आजही पाणी वाहून नेतो.

आपल्या मुक्कामापासून जवळच आल्टेनाउ आहे. तेथून डामग्राबेन नावाच्या पाटाच्या काठाने चालत जावे. पाटाचा उतार इतका थोडा आहे की पाणी कोणत्या बाजूला वाहते ते कळायला क्षणभर थांबावे लागते, आणि तो राखण्यासाठी पाट डोंगराच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत जातो. पुढे एका खिंडीशी मात्र वळण घेऊन भागेना, तेव्हा १७३२ ते १७३४ या काळात श्पेर्बरहाय येथे सुमारे ९४० मीटर लांब आणि सोळा मीटर उंच भराव घालून त्यावरून पाट पलीकडे नेला. फावडी, ढकलगाड्या आणि माणसांचे हात एवढ्याच बळावर दोन-अडीच वर्षांत झालेले हे काम आहे. तेथे उभे राहिल्यावर मला खाणीतल्या माणसांइतकाच पाट राखणाऱ्यांचा आदर वाटतो. हिवाळ्यात बर्फ फोडून पाणी वाहते ठेवणे हे त्यांचे काम होते आणि ते थांबले तर खाली खाण बुडत असे. ओडरटाइख हा १७१५ ते १७२२ दरम्यान बांधलेला तलावही असाच पाहावा. एकोणिसावे शतक संपत येईपर्यंत त्याचा बंधारा जर्मनीतील सर्वांत मोठा होता. चालताना वाटेत फर वृक्षाच्या आकाराच्या लाकडी पाट्या दिसतील. १९४९ पासून लावल्या गेलेल्या या 'डेनर्ट-टाने' पाट्यांवर त्या त्या जागेची खाणकामाची माहिती असते, आणि जर्मन वाचण्याच्या सरावासाठीही त्या उत्तम आहेत.

याच फेरफटक्यात आपल्याला उघडे, करडे पडलेले डोंगरही दिसतील. खाणींना लाकूड आणि धातू वितळवायला लाकडी कोळसा लागे, म्हणून मूळचे मिश्र जंगल तोडून भराभर वाढणारे स्प्रूस हे सूचिपर्णी झाड लावले गेले. २०१८ पासूनच्या दुष्काळात साल पोखरणाऱ्या किड्याने तीच झाडे मोठ्या प्रमाणावर मारली. वारा असेल तेव्हा अशा वाळलेल्या खोडांखालून जाऊ नये. धातू वितळवताना उरलेल्या जुन्या मळीच्या ढिगाऱ्यांवर बसून डबा खाऊ नये आणि बोगद्यातून येणारे पाणी पिऊ नये, कारण शिसे आणि कॅडमियम त्या मातीत अजूनही आहे.

ओडरटाइखचे पाणी रेबेर्ग पाटाने सांक्ट आंड्रेआसबेर्ग या गावाकडे जाते, आणि त्याच पाण्याच्या मागोमाग आपणही तेथील झाम्सोन खाणीत जावे. मला एकच खाण दाखवायची असेल तर मी हीच दाखवीन. १५२१ पासून १९१० पर्यंत चाललेल्या या खाणीची उभी विहीर ८१० मीटर खोल गेली आणि एके काळी ती जगातील सर्वांत खोल खाणींत गणली जात असे. बारा मीटर व्यासाचे एक आणि नऊ मीटर व्यासाचे दुसरे अशी दोन लाकडी चाके तेथे मूळ जागी उभी आहेत. लहान चाकाला उलटसुलट दिशेच्या पात्यांच्या दोन रांगा आहेत, त्यामुळे पाणी कोणत्या रांगेवर सोडले त्यानुसार ते पुढे किंवा मागे फिरे आणि बादल्या वर-खाली होत.

खरा थांबून पाहण्याचा भाग म्हणजे तेथील 'फारकुन्स्ट'. इतक्या खोलीवर कामाला जाण्यासाठी माणसाला शिड्यांवरून उतरावे लागे आणि पाळी संपल्यावर थकलेल्या अंगाने तितकेच चढावे लागे. वय झालेले कामगार या चढणीनेच खचत. १८३३ मध्ये गेओर्ग लुडविग ड्योरेल यांनी त्यावर उपाय काढला. विहिरीत दोन उभे दांडे शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि चाकाच्या जोरावर एक वर जाताना दुसरा खाली येतो. दांड्यांना ठरावीक अंतरावर पाय ठेवण्याची फळी आणि धरण्याची मूठ असते. दोन फळ्या क्षणभर समोरासमोर आल्या की माणसाने एकीवरून दुसरीवर पाऊल टाकायचे, पुन्हा थोडे वर जायचे, पुन्हा पाऊल टाकायचे. झाम्सोनमध्ये १८३७ साली बसवलेल्या यंत्रात दांड्यांच्या जागी तारेचे दोर आहेत, आणि ते आजही चालू स्थितीत आहे, कारण याच विहिरीत नंतर बसवलेल्या जलविद्युत केंद्रांकडे उतरण्यासाठी ते वापरले जाते. तारेचा दोरही येथलाच. १८३४ मध्ये क्लाउस्थालच्या कारोलीना खाणीत विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो प्रथम वापरला. त्याआधी तागाचे दोर कुजत आणि लोखंडी साखळीची एक कडी तुटली की सगळे संपे. जगातील पूल आणि पाळणे ज्या दोरावर लटकतात त्याची सुरुवात आपल्या वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाली आहे.

त्यानंतर गोस्लारचे रामेल्सबेर्ग पाहावे. क्लाउस्थालहून तेथे बस जाते. येथील खनिजाचा लिखित उल्लेख ९६८ सालचा आहे आणि खाण बंद झाली ३० जून १९८८ रोजी. जवळपास तीन कोटी टन खनिज या एका डोंगरातून निघाले. १९९२ मध्ये गोस्लारच्या जुन्या शहरासह तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अनेक फेऱ्या असतात, त्यांतील र्योडर बोगद्याची फेरी घ्यावी, असे मी सुचवीन. १८०० च्या सुमारास खोदलेल्या या बोगद्यात चाके डोंगराच्या पोटातच बसवली आहेत, एका चाकावरून पडलेले पाणी खालच्या चाकावर जाते, आणि भिंतींवर गंधकयुक्त खनिजांचे निळे, हिरवे, पांढरे, तांबूस थर जमले आहेत. त्यांना हात लावू नये.

गुहांकडे वळतो. र्यूबेलांट येथील बाउमान आणि हेर्मान या दोन चुनखडीच्या गुहा सर्वांना ठाऊक असतात. पहिली सतराव्या शतकापासून लोक मार्गदर्शकासोबत पाहत आले आहेत आणि तिचे नुकसान थांबवण्यासाठी १६६८ मध्येच राजाज्ञा निघाली होती. दुसरी १८६६ मध्ये रस्त्याच्या कामात सापडली. तेथे लवणस्तंभ सुंदर आहेत, पण गर्दीही असते. मला स्वतःला शार्त्सफेल्डची आइनहोर्न गुहा अधिक जवळची वाटते. तेथील अस्वलांची जीवाश्म हाडे लोक एकेकाळी एकशिंगी घोड्याची समजून औषध म्हणून विकत. त्याच गुहेच्या तोंडाशी २०१९ मध्ये महाहरणाच्या पायाचे एक हाड सापडले, ज्यावर निअँडरथल माणसाने निदान ५१,००० वर्षांपूर्वी तिरप्या रेषांची नक्षी कोरली होती. निरुपयोगी वाटेल अशा हाडावर कुणीतरी विचारपूर्वक रेषा कोरल्या, आणि ती जागा आपण दोन पायांवर उभे राहून पाहू शकतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

दक्षिणेला खडक बदलतो. तेथे जिप्सम आहे. ते पाण्यात लवकर विरघळते, म्हणून जमिनीत खळगे पडतात आणि ओढे अचानक गडप होतात. अशा विरघळणाऱ्या खडकाच्या प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. तीन राज्यांतून जाणारी कार्स्ट पदयात्रेची खुणा केलेली वाट हे सगळे दाखवते. याच भागातील नोर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगराला आपण पर्यटनाच्या यादीत टाकू नये, पण टाळूही नये. १९४३ पासून तेथील बोगद्यांत मिटेलबाउ-डोरा छळछावणीच्या कैद्यांकडून नाझी जर्मनीची व्ही-२ रॉकेटे जुळवून घेतली गेली. सुमारे ६०,००० कैद्यांपैकी २०,००० च्या आसपास मेले. स्मारकाला प्रवेशशुल्क नाही, बोगद्यात फक्त मार्गदर्शकासोबत जाता येते. ऊफ्ट्रुंगेनच्या हाइमकेले गुहेतही युद्धकाळात कैद्यांना विमानाच्या भागांच्या कारखान्यात राबवले गेले. हार्ट्सच्या जमिनीखाली जे जे घडले त्यात हेही येते.

एवढे पाहून झाल्यावरही स्वतः रांगत, दोरावरून उतरत जाण्याची इच्छा उरली, तर तिचा मार्ग गुहासंशोधकांच्या मंडळांतून जातो. ही मंडळे देशपातळीवर १९५५ साली स्थापन झालेल्या जर्मन गुहा आणि कार्स्ट संशोधक संघाशी जोडलेली आहेत, आणि हार्ट्समध्येही अशी मंडळे काम करतात. खाणींचे संग्रहालय चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनाही शनिवारी दगड उचलायला, लाकूडकाम करायला, जुने बोगदे साफ करायला हात हवे असतात. आपले जर्मन कच्चे असले तरी अडत नाही. नियमित येणारा माणूस हवा असतो. काही महिने असे काम केले की मोजमापाच्या, नकाशा काढण्याच्या मोहिमांत जागा मिळते आणि परवानगीने उघडलेल्या दारांतून आत जाता येते.

सामानाचे म्हणाल तर पर्यटकांसाठीच्या खाणींत हेल्मेट तेथेच मिळते. आत बाराही महिने आठ ते बारा अंश तापमान असते, म्हणून ऑगस्टमध्येही लोकरी थर आणि घट्ट तळाचे बूट न्यावेत. मार्गदर्शक 'ग्ल्यूक आउफ' या खाणकामगारांच्या अभिवादनाने स्वागत करील, त्याला तेच म्हणावे. फेऱ्यांच्या वेळा हिवाळ्यात कमी होतात, आधी फोन करून जावे. आणि जंगलात फिरताना एखादे नवे भगदाड किंवा खचलेली जमीन दिसली, तर लांबूनच छायाचित्र आणि जागेची नोंद घेऊन नीडरझाक्सेन राज्याच्या खाणकाम, ऊर्जा आणि भूविज्ञान कार्यालयाला कळवावे. त्या कार्यालयाची एक शाखा क्लाउस्थालमध्येच आहे.