तुझ्या तक्त्यातले बाण

अगं, ख्रिस्ती चर्चमधून वेगवेगळे पंथ कसे निघाले याचा तुझा तक्ता मिळाला. मिळाला परवाच, पण मोबाईलवर उघडला तर अक्षरं मुंगीएवढी, म्हणून आज लॅपटॉपवर मोठा करून नीट बघितला. मेहनत दिसतेय. वरून एक जाड बाण, १०५४ ला पूर्व-पश्चिम असे दोन फाटे, १५१७ ला ल्यूथरचा तिसरा, आणि तिथून खाली प्रोटेस्टंटांची नावं वडाच्या पारंब्यांसारखी लोंबतायत. मी पण असल्याच तक्त्यांवरून शिकलो त्यामुळे नाकं मुरडत नाही, पण "काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा" असं तूच लिहिलंयस, तर सांगतो.

सगळ्यात आधी ती जाड सरळ रेष. ती तू रोमची काढलीस आणि बाकी सगळे तिच्यातून "फुटून निघालेले". आता हाच कागद एखाद्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चमधल्या माणसासमोर ठेव. तो म्हणेल आम्ही कुठे फुटलो, आम्ही होतो तिथेच आहोत, रोम बाजूला गेलं. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या चर्चचा माणूस म्हणेल तुम्ही दोघंही ४५१ लाच बाजूला गेलात. बॅप्टिस्ट म्हणेल आम्ही नवीन काही काढलंच नाही, पहिल्या शतकातल्या मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे परत गेलो. प्रत्येकाला आपली रेष सरळ दिसते आणि दुसऱ्याची वाकडी. म्हणून मी स्वतःला एक अट घालून घेतलीय, तीच तुला सांगतो: एखाद्या पंथाबद्दल आपण दोन ओळी लिहिल्या की त्या वाचून त्याच पंथातल्या माणसाने "हो, आम्ही हेच मानतो" म्हटलं पाहिजे. तुला ते पटायची गरज नाही. पण त्याला त्यात आपला चेहरा दिसला पाहिजे.

ही अट मला फुकट नाही मिळाली. तुझ्या वयाचा असताना मी एका लेखात कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन अशा सगळ्या चर्चना सरसकट "मोनोफिसाइट" (ख्रिस्ताचा फक्त एकच स्वभाव मानणारे) लिहून मोकळा झालो होतो, पुस्तकात तसंच होतं ना. मग एका वयस्कर कॉप्टिक बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे येशू खरा माणूस नव्हता असं आम्ही मानतो असं म्हणायचंय का तुम्हाला?" मी गप्प. कारण त्या शब्दाचा तोच अर्थ होतो आणि ते लोक तसं अजिबात मानत नाहीत. ४५१ च्या काल्सेडॉनच्या परिषदेत ठरलं की ख्रिस्त एक व्यक्ती, पण स्वभाव दोन, देवाचा आणि माणसाचा. या कॉप्टिक वगैरे लोकांचं म्हणणं, आम्ही अलेक्झांड्रियाचा जुना बिशप सिरिल याचे शब्द धरून आहोत, देव-शब्द (म्हणजे ख्रिस्त) देहधारी झाला त्याचा एकच स्वभाव, त्यात देवपण पण पूर्ण आणि माणूसपण पण पूर्ण, सरमिसळ न होता. त्याला ते मियाफिसाइट म्हणतात. एका अक्षराचा फरक वाटतो पण पहिला शब्द शत्रूने चिकटवलेला आहे आणि दुसरा त्यांचा स्वतःचा. १९७३ साली पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी एकत्र निवेदन काढून ख्रिस्ताबद्दलची श्रद्धा मिळून मांडली. पंधराशे वर्षांच्या भांडणात शब्दांचा वाटा किती होता बघ, आणि अर्थात त्यात बायझंटाइन साम्राज्याचं राजकारण पण होतंच.

(हो, कॉप्टिकांचे पण पोप असतात. तुझ्या तक्त्यात "पोप = कॅथलिक" असं आहे, ते खोड.)

तर १०५४ च्या वर अजून दोन फाटे हवेत, ४३१ आणि ४५१. ४३१ ला इफिससच्या परिषदेत वाद होता मरियेला "देवमाता" म्हणायचं का. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणत होता "ख्रिस्तमाता" म्हणा. तो हरला. पण ज्याला लोक नेस्टोरियन चर्च म्हणतात ते पूर्वेचं चर्च काही त्याने स्थापन केलेलं नाही, ते पर्शियन साम्राज्यात आधीपासूनच होतं, रोमन सम्राटाने बोलावलेल्या परिषदा त्यांच्या घरच्या नव्हत्याच. आणि हे लोक गेले कुठपर्यंत माहितीये? चीनमध्ये शीआनला ७८१ सालचा कोरीव शिलास्तंभ आहे, त्यावर लिहिलंय की आलोपेन नावाचा धर्मप्रसारक ६३५ ला तिथे पोचला. तुझ्या तक्त्यात या सगळ्या मंडळींना जागाच नाही! १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि याच पूर्वेच्या असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनीही तसंच एक निवेदन केलं आणि त्यात दोन्ही संबोधनं, ख्रिस्तमाता आणि देवमाता, चालतील असं मान्य केलं.

आता १०५४. १६ जुलैला पोपचा दूत कार्डिनल हंबर्टने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला, तिथले पॅट्रिआर्क, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, मायकेल सेरुलारियसवर. उलट त्यांनी पण शाप दिला. फिल्मी प्रसंग आहे म्हणून सगळ्यांना पाठ. पण ज्याच्या नावाने हंबर्ट आला होता तो पोप लिओ नववा एप्रिलमध्येच वारला होता, आणि बहिष्कार काही माणसांवर होता, अख्ख्या चर्चवर नाही. त्या दिवशी कुणाला वाटलं नसेल की आज चर्चचे दोन तुकडे झाले. खरी जखम १२०४ ची, चौथ्या क्रुसेडवाल्यांनी (धर्मयुद्धाला निघालेल्यांनी), म्हणजे ख्रिस्ती लोकांनीच, कॉन्स्टँटिनोपल लुटलं, तिची. १०५४ चे बहिष्कार १९६५ ला दोन्हीकडून मागे घेतले गेले, तरी कम्युनियन (प्रभुभोजन) एकत्र होत नाही ते होतच नाही. त्यामुळे तिथे एक तारीख टाकू नकोस, बाण हळूहळू लांब जाताना दाखव.

आणि "फिलिओक्वे" (लॅटिनमध्ये "आणि पुत्रापासून") तू एका शब्दात उरकलंयस, त्यात गंमत आहे म्हणून थांबतो. ३८१ च्या श्रद्धावचनात आहे की पवित्र आत्मा पित्यापासून निघतो. पश्चिमेत हळूहळू "आणि पुत्रापासून" हे शब्द जोडले गेले. पोप लिओ तिसरा, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, त्याला तो विचार मान्य होता पण शब्द घालायला तो तयार नव्हता, त्याने मूळ पाठ चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला. मग १०१४ ला रोममध्येच वाढीव शब्दांसकट म्हणायला लागले. पूर्वेचा राग नुसता आत्मा कुठून निघतो यावर नाहीये, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं वाक्य एकट्याने बदलायचा हक्क तुम्हाला दिला कुणी, हा आहे. हा प्रश्न हाताशी ठेव. शेवटचा शब्द कुणाचा, पोपचा, परिषदेचा, बायबलचा, स्थानिक मंडळीचा की प्रत्येकाच्या मनातल्या आत्म्याचा? तुझ्या तक्त्यातले निम्मे बाण या एका प्रश्नातून निघतात.

१५१७ बद्दल फार नाही बोलत, ते सगळीकडे मिळतं. ३१ ऑक्टोबरला जर्मन धर्मगुरू ल्यूथरने पापमाफीच्या पत्रांविरुद्धचे ९५ मुद्दे माइंट्सच्या आर्चबिशपला पत्रासोबत पाठवले हे नक्की, दारावर खिळे ठोकले की नाही यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, म्हणून तो हातोड्याचा आयकॉन काढ. आणि नवीन चर्च काढायचं म्हणून त्याने सुरुवात केली नव्हती.

त्यापेक्षा १५२९ चं मारबुर्ग वाच. ल्यूथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंग्ली, दोघंही रोमच्या विरोधात, एकत्र आले तर ताकद वाढेल म्हणून हेस या जर्मन प्रांताचा शासक फिलिप याने त्यांना आपल्या किल्ल्यात बोलावलं. १५ मुद्दे होते, १४ वर जमलं. पंधराव्यात अडलं, प्रभुभोजनातली भाकर म्हणजे नक्की काय. ल्यूथरने टेबलावर खडूने लिहून ठेवलं "हे माझं शरीर आहे", लॅटिनमध्ये, आणि त्यातल्या "आहे" वरून तो हलला नाही. झ्विंग्ली म्हणे "आहे" म्हणजे "दर्शवतं", ही आठवण आहे. झालं, ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड असे दोन घरं. नंतर जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन याने मधली वाट काढली, की भाकर भाकरच राहते पण विश्वास ठेवणाऱ्याला पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्त खरोखर मिळतो. कॅथलिक म्हणतात रूप-चव तीच राहते पण मूळ द्रव्य बदलतं. ऑर्थोडॉक्स म्हणतात खरंच शरीर आणि रक्त आहे, कसं ते गूढ आहे. ते खमीर असलेली भाकर वापरतात, आणि तान्ह्या बाळांना पण चमच्याने देतात. तुझ्या रकान्यात फक्त "कम्युनियन: आहे" असं सगळ्यांपुढे लिहिलंय! अगं, ज्या एका घासासाठी माणसं जन्मभराची तुटली तिथे "आहे" लिहून कसं चालेल.

बाप्तिस्म्याचं तसंच. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही प्रौढ माणसांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला, बाळपणीचा खरा नव्हे कारण तेव्हा विश्वास नव्हता, म्हणून. त्यांना शत्रूंनी नाव दिलं अ‍ॅनाबॅप्टिस्ट, पुन्हा बाप्तिस्मा घेणारे. ते स्वतः म्हणत पुन्हा कसला, हा पहिलाच. फेलिक्स मान्त्सला १५२७ ला लिम्मात नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे पोपचे नव्हते, झ्विंग्लीच्याच झुरिकचे होते. मेनोनाइट आणि आमिश या घरातले. बॅप्टिस्ट मात्र वेगळे, ते इंग्लंडमधून अ‍ॅमस्टरडॅमला गेलेल्या लोकांतून १६०९ च्या सुमारास सुरू झाले, तिथे सरळ बाण नको, फार तर तुटक रेघ.

"हेन्री आठव्याला घटस्फोट हवा होता म्हणून अँग्लिकन चर्च" हे वाक्य कृपा करून काढ. १५३४ ला तो, इंग्लंडचा राजा, तिथल्या चर्चचा प्रमुख झाला हे खरं, पण प्रोटेस्टंट? त्याला ल्यूथरविरुद्ध लिहिलं म्हणून १५२१ ला पोपनेच "श्रद्धारक्षक" पदवी दिली होती, आणि ३० जुलै १५४० ला त्याने एकाच दिवशी तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळलं आणि तीन कॅथलिकांना राजद्रोही म्हणून फाशी दिलं. अँग्लिकनांची ओळख त्यानंतर घडली, १५४९ चं प्रार्थनापुस्तक आणि १५५९ ला राणी एलिझाबेथने चर्चला लावून दिलेली घडी. एखाद्या अँग्लिकनला विचार तुमच्या चर्चचा आत्मा कशात आहे, तो प्रार्थनापुस्तकाचं नाव घेईल, हेन्रीचं नाही. आणि जॉन वेस्ली "अँग्लिकन चर्च सोडून मेथडिस्ट झाला" असं लिहिलंयस, तो १७९१ ला वारला तोपर्यंत अँग्लिकन प्रीस्टच होता.

भाषेचा एक मुद्दा, हा जरा नाजूक. "कॅथलिक मरियेची पूजा करतात." मराठीत पूजा हा शब्द इतका मोठा आहे की त्यात सगळंच मावतं, पण कॅथलिक माणूस लगेच थांबवेल, आराधना फक्त देवाची, मरियेचा आणि संतांचा सन्मान, त्यांना विनंती की आमच्यासाठी प्रार्थना करा. प्रोटेस्टंट म्हणेल ही विनंती पण नको, मध्यस्थ एकच. भांडण खरं आहे, पण ते "पूजा" या शब्दात नाही मांडता येत. तसंच मिस्सा म्हण कॅथलिकांसाठी, उपासना म्हण प्रोटेस्टंटांसाठी, फादर आणि पाळक यांची अदलाबदल नको. बायबलच्या रकान्यात "६६ पुस्तकं" सगळ्यांना लावलीस, ती प्रोटेस्टंटांची, कॅथलिकांची ७३, इथिओपियन ऑर्थोडॉक्सांची ८१.

आणि सगळे बाण फुटतातच असं कुठे आहे? काही जुळतात. १५९६ ला ब्रेस्टच्या करारात पूर्वेकडच्या काही बिशपांनी रोमशी नातं जोडलं, उपासना आपली पूर्वेचीच ठेवून, आणि अशा चर्चमध्ये लग्न झालेले फादर असतात, म्हणजे "कॅथलिक धर्मगुरू अविवाहित" हे पण अर्धंच खरं. १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडियात अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल एकत्र आले. ज्या "नीतिमान ठरणं कशाने" या प्रश्नावर ल्यूथर आणि रोम तुटले, त्यावर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ ला मेथडिस्ट आले, २०१७ ला रिफॉर्म्ड. हे खालून वर येणारे बाण काढायला जागा ठेव. पेंटेकोस्टलना (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्यांना) तर बाणच पुरत नाही, १९०६ ला लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोरच्या सभांमधून जे पसरलं ते पुढे १९६७ पासून कॅथलिकांच्या आत पण शिरलं, मग ते पंथ की लाट? मी लाट म्हणतो, तू ठरव. यहोवाचे साक्षीदार आणि १८३० चे लॅटर-डे सेंट्स, यांना तू "ख्रिस्ती नाहीत" असा लाल शिक्का मारलायस. ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणतात, बाकीचे बहुतेक चर्च मानत नाहीत कारण त्रैक्याची (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) नायसियाच्या परिषदेची व्याख्या या दोघांना मान्य नाही. दोन्ही वाक्यं लिही, शिक्का काढ.

शेवटचं, क्वेकर आणि साल्वेशन आर्मीपुढे बाप्तिस्मा आणि कम्युनियन या दोन्ही रकान्यात तू फुली मारलीस. माहिती बरोबर आहे, दोघंही पाण्याचा विधी करत नाहीत, भाकर-द्राक्षरसाचा पण नाही. पण क्वेकर माणूस ती फुली बघून म्हणेल आम्ही शांत बसतो तेव्हा जे होतं तेच आमचं कम्युनियन. तिथे फुलीऐवजी काय लिहायचं ते मला पण अजून नीट सुचलेलं नाही. तू दोन-चार शब्दांत लिहून बघ आणि नवा तक्ता पाठव, या वेळी अक्षर जरा मोठं ठेव.