नामिबियाला पहिल्यांदा जाताना
आठवड्याभरात सगळा नामिबिया उरकायचा हट्ट आधी सोडा. सोसूसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या आणि एटोशा राष्ट्रीय उद्यान, एवढं पुष्कळ झालं. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ; प्राणी आपणहून पाणवठ्यावर येतात. एटोशातल्या ओकाकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात. जेवण उरकून तिथे गप्प बसा, गेंडा दिसायची चांगली संधी असते. सोसूसव्लेईला जाताना लागणाऱ्या सेसरीएमच्या फाटकाच्या आत मुक्काम मिळाला तर घ्याच, सूर्योदयाआधी निघता येतं. शेवटचे ५ किलोमीटर भुसभुशीत वाळू आहे. फोर-बाय-फोर नसेल तर शटल घ्या. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, पण खडीच्या रस्त्यावर ८० च्या वर नको. अंधारात तर अजिबात नको, हरणासारखा मोठा कुडू अचानक आडवा येतो. आणि पंप दिसला की टाकी भरा.